तारीख लागलेले पैसे

अगं, परवा बऱ्हाणपूरला लालबागच्या फलाटावर भुसावळची गाडी येईपर्यंत तू मला मोबाईल दाखवलास, तेव्हा मी नुसतं "छान" म्हटलं आणि गप्प बसले. तुला वाटलं असेल, ताई नाईट करून आलीय, डोळे मिटतायत. झोप आली नव्हती. त्या स्क्रीनवरचा हिरवा आकडा बघून मला माझा एक जुना आकडा आठवला, आणि तो चार माणसांत सांगण्यासारखा नव्हता.

एक लाख ऐंशी हजार. चार वर्षं लेबर रूममध्ये उभी राहून, महिन्याला दोन-अडीच हजार बाजूला काढून तू ते एसआयपीत जमवलेस. बावीस हजार पगारात हे करणाऱ्या मुली मी फार पाहिल्या नाहीत. त्यामुळे आधी शाबासकी घे. पण पुढे तू म्हणालीस, "दोन वर्षांनी एम.एस्सी.ला जाईन, तोवर ह्याचे अडीच-पावणेतीन लाख होतीलच, मग फी भरून टाकेन." त्या "होतीलच"वर मला बोलायचंय. आणि हे बोलायला मी लायक का आहे, ते आधी सांगते. आईला यातलं निम्मंच माहीत आहे.

२०२०च्या जानेवारीत माझ्याकडेही असाच आकडा होता. एक लाख चाळीस हजार. जीएनएम झाल्यावर नोकरी करता करता जमवलेले, पोस्ट बेसिक बी.एस्सी.साठी. सगळे शेअरच्या फंडात, कारण आमच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी सांगितलं होतं की एफडीत पैसे कुजतात. जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांवर गेला होता आणि मी रोज ड्यूटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये बसून ॲप उघडायचे. लोक देवाचा फोटो बघतात तसं. मग मार्च आला. २३ मार्चला एका दिवसात सेन्सेक्स ३,९०० अंकांहून जास्त पडला आणि २६ हजारांच्या खाली बंद झाला. आम्ही तेव्हा एन९५ मास्क पुरवून पुरवून वापरत होतो, बाजाराकडे बघायला वेळ कुणाला होता? पण त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. केळी काढणीला आलेली, गाड्या बंद, व्यापारी फोन उचलत नाही, मजुरांचे पैसे थकलेले. "तुझ्याकडे काही आहे का?"

होतं. एक लाख चाळीसचे तोवर शहाण्णव हजार झाले होते. मी विकले. दादाला दिले ते दिले, उरलेले बँकेत टाकले आणि ॲप मोबाईलमधून काढून टाकलं. नोव्हेंबरात सेन्सेक्स पुन्हा ४२ हजारांवर आला. तेव्हा मी कोविड वॉर्डात होते आणि एका पेशंटच्या नातेवाइकाने टीव्हीवर ती बातमी लावली होती. मी व्हायटल्स लिहीत होते. लिहीतच राहिले.

फंडाची चूक नव्हती बघ. जो थांबला त्याचे पैसे आठ महिन्यांत परत आले. मी थांबू शकत नव्हते, कारण माझ्या पैशाला तारीख लागली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाजार पडतो त्याच दिवशी घरातही काहीतरी पडलेलं असतं. लॉकडाऊनने शेअर पाडले आणि त्याच लॉकडाऊनने आपली केळी शेतात सडवली. ही दोन संकटं वेगवेगळ्या दिवशी येतील, असं धरून मी चालले होते.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघते: या पैशाला तारीख आहे की नाही? तीन वर्षांच्या आत ठरलेल्या कामाला लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवायचा नाही, मग बाजार कितीही हिरवा असो. तुझी फी दोन वर्षांनी भरायचीय. महागाई एफडीला खाते म्हणतेस, खरं आहे, खाते. पण दोन वर्षांची महागाई जेवढं खाईल त्याच्या कितीतरी पट त्या एका मार्चने खाल्लं. आणि महागाई निदान सांगून खाते.

आता आकडे. तू म्हणालीस, "फी दोन लाख वीस हजार, तेवढे झाले की झालं." अगं, फी हा या खर्चातला सर्वांत सभ्य भाग आहे. तो छापलेला असतो. परवा घरी आल्यावर मी कालनिर्णयच्या मागच्या बाजूला तुझा हिशेब मांडला, तो असा. दोन वर्षांची फी २,२०,०००. होस्टेल आणि मेस महिन्याला आठ हजार धरले तर चोवीस महिन्यांचे १,९२,०००. तू घरी महिन्याला पाच हजार देतेस, ते बंद करायची हिंमत तुझ्यात नाही आणि बाबांची मागावर जायची ताकदही आता उरलेली नाही, म्हणून १,२०,०००. थिसिसची छपाई, परीक्षा फी, युनिफॉर्म, दिवाळी-राखीला घरी येणं, याचे चाळीस हजार. झाले ५,७२,०००. त्यावर सहा महिने जादा धर, होस्टेल आणि घरचे मिळून ७८,०००. एकूण साडेसहा लाख.

सहा महिने जादा का, ते माझ्याकडे बघून कळेल. माझा दोन वर्षांचा कोर्स होता आणि डिग्री हातात यायला साडेतीन वर्षं लागली. कॉलेजचं नाव तुला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही. परीक्षा आज होणार, उद्या होणार, पुढच्या महिन्यात होणार. खोलीचं भाडं मात्र दर महिन्याच्या एक तारखेला व्हायचंच. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी माझ्याकडे चार हजार सातशे रुपये उरले होते, आणि मी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी रात्रीची केअरटेकर म्हणून राहिले. ते तुम्हा कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

मागच्या काही वर्षांत आपल्या मध्य प्रदेशात नर्सिंग कॉलेजांचं काय झालं, ते तू वाचलंयस. उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला, तपासणीत कित्येक कॉलेजं नापास ठरली, परीक्षा अडकून पडल्या, आणि मे २०२४मध्ये तर तपास करणाऱ्या निरीक्षकालाच लाच घेताना सीबीआयने धरलं. म्हणून पैसा कुठे ठेवायचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, पैसा कुणाला द्यायचा. फॉर्म भरण्याआधी तीन ठिकाणी बघ: इंडियन नर्सिंग काउन्सिलच्या वेबसाईटवर त्या वर्षाच्या यादीत कॉलेज आणि तुझा विषय आहे का, राज्याच्या नर्सिंग काउन्सिलकडे मान्यता आहे का, आणि विद्यापीठाची संलग्नता त्याच सत्रासाठी आहे का. गेल्या वर्षीची प्रिंट दाखवली तर मानू नकोस. आणि एक दिवस खर्च करून प्रत्यक्ष जा, शेवटच्या वर्षाच्या मुलींना कँटीनमध्ये गाठ आणि विचार, "तुमचा मागचा रिझल्ट कधी लागला?" त्या पहिल्या मिनिटात जे सांगतील ते कुठल्याही माहितीपुस्तकात नसतं.

महाराष्ट्राचंही तू म्हणत होतीस, रावेर-भुसावळ घरच्यासारखंच म्हणून. घरच्यासारखंच आहे गं, पण बोली रावेरची आणि कागद भोपाळचे, हे आपलं बऱ्हाणपूरकरांचं नशीब. डोमिसाईल मध्य प्रदेशचं, त्यामुळे तिकडच्या कोट्यात आपली पाहुण्यासारखी गत. इथे भोपाळचं कर्मचारी निवड मंडळ घेतं ती निवड परीक्षा आहे, आणि देशपातळीवर एम्सची आहे. एम्ससारख्या ठिकाणी फी इतकी नाममात्र असते की माझ्या कालनिर्णयावरची पहिली ओळ जवळजवळ पुसलीच जाते. म्हणजे सांगायचं काय, तू हल्ली पैशासाठी महिन्याला चार-चार डबल ड्यूट्या करतेस ना, त्यातल्या दोन सोड आणि त्या रात्री अभ्यासाला बस. दोन डबलचे मिळून मिळतात किती? सरकारी जागा मिळाली तर एका झटक्यात लाखावर वाचतात. इतका परतावा देणारा फंड मला अजून भेटलेला नाही.

हे लिहिता लिहिता सहज आठवलं. तू विषय निवडलास तो प्रसूती आणि स्त्रीरोग नर्सिंग. आई म्हणाली, "त्यात काय शिकायचं राहिलंय, बाळंतपणं तर रोज करतेस." मला हसू आलं. आपलं गाव साऱ्या जगाला माहीत आहे ते बाळंतपणात गेलेल्या एका बाईमुळे. १७ जून १६३१, चौदावं मूल, इथेच, ताप्तीच्या काठी. पलीकडे जैनाबादेत तिला काही महिने ठेवलं आणि मग आग्र्याला नेलं. गाईड लोक बादशहाच्या प्रेमाचं इतकं रंगवून सांगतात, पण चौदा बाळंतपणांबद्दल एक अक्षर नाही. मी लेबर रूमच्या बाहेर उभी असले आणि आत रक्तस्राव थांबत नसला की मला ती आठवते, खरंच सांगते. त्यामुळे तू हा विषय घेतलास, मला बरं वाटलं. आईला मी समजावेन.

बरं, हिशेबाकडे. साडेसहा लाख लागणार. तुझ्याकडे फंडात एक ऐंशी आणि बचत खात्यात सत्तर. फंडातले दीड लाख आता काढ. आता म्हणजे आणखी वर येईल, मग बघू, असं नको. वर्षाहून जुन्या युनिट्सवरचा वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे, तुझा एकूण नफाच त्याच्या जवळपास जात नाही, त्यामुळे ती काळजी सोड. फक्त गेल्या वर्षभरातल्या युनिट्सना हात लावू नकोस, त्यावर एक्झिट लोड बसू शकतो. उरलेले तीसेक हजार राहू दे तिथेच, त्याचं नंतर सांगते. दीड आणि सत्तर मिळून दोन लाख वीस हजार, त्याची बँकेत एफडी कर. पण एकच मोठी करू नकोस. तीन-चार तुकडे कर, म्हणजे अडीनडीला एक मोडली तरी बाकीच्या शाबूत राहतील. बँक साधी, सरकारी किंवा मोठी खासगी. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, तुझं त्यात बसतं.

पतसंस्थेत टाकायला मामा सांगेल. "एक टक्का जास्त देतात." मामाला नमस्कार कर, चहा पाज, आणि टाकू नकोस. पतसंस्थेतल्या ठेवीला तो पाच लाखांचा विमा लागू नाही. जळगावकडच्या पतसंस्था बुडाल्या तेव्हा निवृत्तीचे पैसे त्या एका टक्क्यासाठी ठेवलेली म्हातारी माणसं बंद शटरसमोर रांगेत उभी होती, आपल्याच नात्यातली.

आता महिन्याचे. तुझे नऊ हजार सुटतात. त्यातले आठ हजार या कामाला. आणि इथे तू फसशील असं वाटतं, म्हणून नीट ऐक. तू म्हणालीस पोस्टात आरडी काढते. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, तीन वर्षांच्या आत ती मोडता येत नाही. तुला दोन वर्षांनी पैसे हवेत. पोस्टाच्या खिडकीवर कुणी तुला हे आपणहून सांगणार नाही, आणि तूही विचारणार नाहीस, कारण तुझा ऑफ त्याच दिवशी असेल आणि मागे रांग असेल. बँकेची आरडी मात्र चोवीस महिन्यांची मिळते. तशीच गत कर वाचवणाऱ्या ईएलएसएसची, त्यात प्रत्येक हप्त्याला त्याच्या तारखेपासून तीन वर्षं कुलूप. पीपीएफ तर पंधरा वर्षांचं. सगळी चांगलीच आहेत, पण दुसऱ्या कामाची. कुणाचं औषध कुणाला देऊ नये हे तुला मी सांगायचं?

आरडीचा हप्ता पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापला जाईल असा लाव. तू म्हणशील, मी दर महिन्याला आठवणीने भरेन. नाही भरणार. मीही नाही भरला. लहानपणी आपण शाळेच्या सहलीला कुंडी भंडाऱ्याला गेलो होतो, आठवतं? तू खाली उतरायला रडली होतीस. १६१५च्या सुमाराला अब्दुल रहीम खानखानाने ते पाणी गावात आणलं, सातपुड्याच्या पोटात झिरपणारं, जमिनीखालच्या बोगद्यातून, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत. ना मोट, ना रहाट. पाणी उपसायला त्याने माणूस ठेवला नाही, उतार ठेवला. चारशे वर्षं पाणी आपलं आपण येतंय. पगार खात्यातून आरडीला तसा उतार करून दे. उपसायला बसलीस तर नाईटनंतरच्या सकाळी तुझ्या हातात बादली उचलायचंही त्राण नसतं.

दोन वर्षांनी हे सगळं व्याजासकट साडेचार लाखांच्या आसपास जाईल. राहिले दोन लाख. यावर तू फलाटावर पटकन म्हणालीस, "मग आणखी दोन वर्षं थांबते ना." हे मला अजिबात पटत नाही. दोन वर्षं थांबणं फुकट वाटतं कारण त्याची पावती मिळत नाही. पण तू दोन वर्षं उशिरा ट्यूटर होशील, दोन वर्षं उशिरा पगार वाढेल, आणि तोवर तुझ्या लग्नाची चर्चा आजच्यासारखी हळू आवाजात होत राहणार नाही. त्यापेक्षा ते दोन लाख शैक्षणिक कर्ज घे.

तोंड वाकडं करू नकोस. आपल्या घरात कर्ज म्हटलं की बाबांना तो साहूकार आठवतो, ज्याने आपला माग उचलून नेला होता. ते कर्ज वेगळं. बँकेच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, स्वतःचा हिस्सा भरायला लावत नाहीत, आणि हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून मोजलं जातं, हे बँकेच्या पत्रकात बारीक अक्षरात असतं. म्हणून एकदम उचलू नकोस. पहिलं वर्ष तुझ्या एफडीवर काढ, दुसऱ्या वर्षाच्या फीच्या वेळी कर्ज उचल. दोन लाखांवर समजा दहा टक्के धरले तर महिन्याला सोळाशे-सतराशे व्याज. ते शिकत असतानाच भरत राहिलीस तर नंतर ते मुद्दलात मिसळत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केली, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. पण ती निवडक संस्थांपुरती आहे. तुझं कॉलेज त्या यादीत असलं तर सोन्याहून पिवळं.

एक वाट आणखी दाखवतील. एखादं हॉस्पिटल म्हणेल, आम्ही फी भरतो, तू परत येऊन इतकी वर्षं आमच्याकडे काम कर. वाट वाईटच असते असं नाही. पण मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात ठेवायला सांगितली की उठून ये. माझ्या एका मैत्रिणीची रजिस्ट्रेशनची मूळ प्रत चौदा महिने कुणाच्या तरी कपाटात होती आणि सरकारी भरतीची तारीख निघून गेली. हॉस्पिटलचं नाव तिने मला शपथ घालून सांगितलंय.

पगाराचं तरी काय सांगावं. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने नेमलेल्या समितीने म्हटलं होतं की पन्नास खाटांहून लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सला वीस हजारांहून कमी देऊ नये. त्यानंतर दोन वर्षांनी मी साडेअकरा हजारांवर काम करत होते. तू बावीसवर आहेस म्हणजे आपल्या गल्लीत श्रीमंत. असो, हा विषय काढला की माझं डोकं फिरतं.

आता नाजूक गोष्ट. भिशी. तुझी वीस जणींची भिशी आहे, तीन हजारांची, अजून उचललेली नाहीस. ती पुरी कर, मध्ये सोडू नकोस, आपल्यातल्या बायकांत राहायचंय. पण ते साठ हजार आले की त्याचं नाव तिथल्या तिथे ठरव. मी मोजदादीत ते धरलेच नाहीत, मुद्दाम. आले तर कर्ज तेवढं कमी, नाही आले तर आपण त्यावर उभ्या नव्हतो.

पॉलिसीचं मात्र बोललंच पाहिजे. काकांनी तुझ्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात गळ्यात मारली ती, वर्षाला चोवीस हजारांची. काकांना मी काही म्हणत नाही, त्यांचंही टार्गेट असेल. पण दोन वर्षं पगार नसताना तो हप्ता तू कुठून भरणार? मोडलीस तर आजवर भरलेल्यातलं बरंच बुडेल. "पेड-अप" नावाची सोय असते, काही वर्षांचे हप्ते भरलेले असले की पुढचे बंद करता येतात आणि पॉलिसी कमी रकमेची होऊन चालू राहते. शाखेत जाऊन दोन आकडे लेखी माग: आज मोडली तर किती, आणि पेड-अप केली तर शेवटी किती. काकांना बरोबर नेऊ नकोस. जाणार असशील तर मला ने.

त्याच वेळी एक छोटा आरोग्य विमा स्वतःच्या नावाने काढ. नोकरी सुटली की हॉस्पिटलने काढलेला सुटतो, आणि आपण नर्सा तर स्वतःचा ताप पॅरासिटामॉलवर काढणाऱ्या जातीच्या. पीएफ मोडू नकोस, नोकरी सोडताना एचआरवाला हसत हसत फॉर्म पुढे करेल. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढलास तर कर लागतो, आणि तो पैसा एकदा बाहेर आला की कपडे, फोन आणि कुणाचं तरी बारसं यात जातो. खातं तसंच राहू दे, पुढच्या नोकरीत त्याच नंबरावर पुढे चालवता येतं.

हां, ते तीस हजार आणि महिन्याचा उरलेला हजार. नऊमधले आठ कॉलेजला, एक हजार एसआयपीत. ही चालू ठेव. कॉलेजात गेल्यावर अगदीच ओढाताण झाली तर पाचशेवर आण, पण तुटू देऊ नकोस. हा पैसा एम.एस्सी.चा नाही. त्याला तारीख नाही. हा त्या बाईचा आहे, जी पन्नाशीत पाठदुखी घेऊन नाईट नको म्हणेल आणि तिला म्हणता येईल. ह्याच्यावर बाजार पडला तरी पडू दे, ॲप उघडू नकोस. मी आता तसंच करते. माझं वर्षातून एकदा उघडायचं ठरलंय, दसऱ्याला, सोनं लुटून आल्यावर.

सोन्यावरून आठवलं, तुझ्या दोन पाटल्या. त्या विकायच्या नाहीत, घडणावळ आणि घट जाऊन हातात काय येतं ते सराफ्यात जाऊन एकदा विचारून ये म्हणजे पटेल. पण कॉलेजात शेवटच्या दोन महिन्यांत गळ्याशी आलं तर बँकेत तारण ठेवून पंधरा-वीस हजार उचलता येतात. म्हणून त्या आईच्या कपाटातून काढून लॉकरला ने. आईच्या कपाटातलं सोनं घराचं होतं, हळूहळू, कुणी काही न बोलता.

आणि आता जे सांगायला हे सगळं लिहायला बसले ते. आपल्या घरात पैसे मागायचे दोन मुहूर्त आहेत, लग्न आणि वादळ. मे-जूनमध्ये वारं सुटलं की दादाची केळी आडवी होतात, आणि त्या रात्री तो जेवत नाही. मला त्याचा राग येत नाही, माझा भाऊ आहे. पण माझं शिक्षण तीनदा मोडलं, ते असंच. एकदा केळी, एकदा मोठीचं लग्न, एकदा बाबांचं ऑपरेशन. ऑपरेशनचं मला एका पैचंही दुःख नाही. लग्नाचं आहे. सहाशे पानांचं जेवण आणि मावा जलेबी, आणि माझं एक वर्ष. कुणी जबरदस्ती केली नव्हती. नुसतं विचारलं होतं, आणि माझ्या बचत खात्यात पैसे दिसत होते.

दिसत होते, हेच ते. म्हणून म्हणते, एफडी-आरडी पगाराच्या बँकेत नको, दुसऱ्या बँकेत कर. पासबुक माझ्याकडे ठेव. खोटं बोलू नकोस, विचारलं तर सांग, "आहेत, पण कॉलेजचे आहेत." आणि दादासाठी आधीच एक रक्कम ठरव, दहा हजार म्हणू या, जी वादळात द्यायची आणि परत मागायची नाही. ती वेगळी ठेव. मी तशी ठेवली नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी मला सगळं किंवा काहीच नाही यातलं निवडावं लागलं, आणि बहिणीला "काहीच नाही" कधी म्हणता येतं का?

रविवारी माझा ऑफ आहे. पॉलिसीचा कागद, बँकेचं स्टेटमेंट आणि त्या कॉलेजचं पत्रक घेऊन ये, कालनिर्णय मी भिंतीवरून काढून ठेवते. आई विचारेल एवढे कागद कशाचे. साडेसहा लाखांचा आकडा तू बोलू नकोस. तिचा चहा होऊ दे, मग मी सांगते.